वसतिगृहातले खेळ आणि दोस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या वसतिगृहात नव्याने राहायला आलेल्यांना आणि तिथे खेळांचं बघणाऱ्या विद्यार्थी प्रतिनिधींना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तरामागे आमची कसोटी एकच आहे: उशिरा आलेल्याला त्या खेळात बसायला जागा मिळते का? मिळत असेल तर ओळखी वाढतात. मिळत नसेल तर चौघांचा कंपू होतो आणि बाकीचे दारावरून पुढे निघून जातात.

पहिल्या आठवड्यात कोणता खेळ काढावा?

पत्ते. एक कॅट खिशात मावतो, पलंगावर चार जण बसू शकतात आणि एक डाव पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. पण पत्त्यांतही निवड करा. ज्यात भिडूंची संख्या चारच हवी आणि पाचवा आला तर त्याला नुसतं बघत बसावं लागतं, असे खेळ पहिल्या आठवड्यात नकोत. ते महिन्याभराने, जोड्या जमल्यावर छान रंगतात.

सुरुवातीला तीन खेळ चांगले. बदाम सातला चार ते सात जण चालतात. सगळे पत्ते वाटायचे, बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती टाकायची, मग प्रत्येक रंग सत्तीपासून वर राजापर्यंत आणि खाली एक्क्यापर्यंत लावत न्यायचा. नियम दोन मिनिटांत कळतात. मुद्दाम अडवून धरण्यातली गंमत दुसऱ्या डावापासून कळते. झब्बूत इस्पिकच्या एक्क्याने उतारी होते. आलेल्या रंगाचं पान नसेल तर दुसऱ्या रंगाचं मारायचं, म्हणजे त्या रंगात सर्वांत मोठं पान टाकणाऱ्याला सगळा गठ्ठा उचलावा लागतो. हातातले पत्ते संपवणारा सुटतो आणि शेवटी उरणाऱ्यावर डाव लागतो. तिसरा चॅलेंज. पानं पालथी टाकत ‘तीन राजे’ म्हणायचं. कुणी आव्हान दिलं आणि थाप पकडली गेली तर थापाड्याने गठ्ठा उचलायचा, पानं खरी निघाली तर आव्हान देणाऱ्याने. सहापेक्षा जास्त जण असतील तर दोन कॅट एकत्र करा.

या तिघांतला चॅलेंज आम्ही पहिल्या रात्रीसाठी सुचवतो. अनोळखी माणसाकडे रोखून पाहायला एरवी संकोच वाटतो. इथे खेळच ते करायला लावतो, आणि दहा मिनिटांत सगळे एकमेकांना नावाने हाक मारून ‘खोटं बोलतोयस’ म्हणत असतात.

खोलीचं दार उघडं ठेवल्याने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि वाटतो त्याहून जास्त. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला होता. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. घरं वाटताना कुणाची कुणाशी ओळख आहे हे पाहिलेलं नव्हतं. तरीही शेजारच्या दारातल्या सुमारे ४१ टक्के लोकांची नावं जवळच्या मित्रांत आली, तर त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांची जेमतेम १० टक्के. आणखी एक गोष्ट दिसली: जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी ओळख जास्त होती, कारण वर जाणारा प्रत्येक जण त्यांच्या दारावरून जात होता.

याचा उपयोग सरळ आहे. पट मांडायचा तर तो कॉरिडॉरच्या बंद टोकाच्या खोलीत मांडू नका. जिन्याजवळची खोली, पाणी भरण्याच्या जागेजवळचा कोपरा किंवा कॉमन रूमचं दाराकडचं टेबल निवडा. दाराकडे पाठ करून गोल बसला असाल तर एक बाजू मोकळी सोडा. बंद गोल दिसला की येणारा माणूस आत शिरत नाही. रिकामी खुर्ची दिसली की किमान ‘काय चाललंय?’ एवढं तरी विचारतो.

नुसतं खेळून मैत्री होते का? किती दिवस लागतात?

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीतून साध्या मैत्रीपर्यंत पोचायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, पक्क्या मैत्रीला ९० च्या आसपास, आणि जिवलग म्हणण्याइतक्या जवळिकीला २०० च्या वर. हे मोकळ्या वेळेचे तास आहेत. शेजारी बसून लेक्चर ऐकण्याने फारसं साधत नाही.

आता हिशेब करून पाहा. आठवड्यातून एकदा दोन तास खेळलात तर ५० तास भरायला २५ आठवडे लागतात. तोवर वर्ष संपत येतं. तेच रोज रात्री चाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस खेळलात तर पंधरा आठवड्यांत होतात, म्हणजे एका सत्रात. म्हणून महिन्यातून एकदा होणाऱ्या मोठ्या ‘गेम नाइट’पेक्षा जेवणानंतरचा रोजचा छोटा डाव आम्हाला कितीतरी मोलाचा वाटतो. मोठ्या कार्यक्रमात चाळीस चेहरे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी एकही नाव आठवत नाही.

माफिया नीट कसा चालवायचा? आमच्याकडे दर वेळी गोंधळ होतो.

गावकऱ्यांत लपलेले माफिया चर्चेने आणि मतदानाने शोधायचे, असा हा खेळ वसतिगृहांत खूप खेळला जातो आणि तितकाच बिघडतोही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्याचा जन्मच विद्यापीठातला आहे: दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात तो तयार केला आणि तिथून तो वर्गांत, वसतिगृहांत पसरत गेला.

सात ते बारा खेळाडू आणि एक सूत्रधार हवा. सात ते नऊ जणांत दोन माफिया, दहा ते बारा जणांत तीन. एक पोलिस, एक डॉक्टर, बाकी सगळे गावकरी. भूमिका चिठ्ठ्यांवर लिहिण्यापेक्षा पत्ते वाटा: काळे गुलाम म्हणजे माफिया (तिसरा लागला तर काळा राजा), बदामचा राजा पोलिस, बदामची राणी डॉक्टर, लाल साधी पानं गावकरी. चिठ्ठीची घडी आणि शाई ओळखता येते, पत्त्याची पाठ ओळखता येत नाही.

रात्री सगळे डोळे मिटतात. सूत्रधार आधी माफियांना उठवतो. ते बोटाने बळी ठरवतात. मग पोलिस एकाकडे बोट दाखवतो आणि तो माफिया आहे की नाही ते सूत्रधार मान हलवून सांगतो. शेवटी डॉक्टर एकाला वाचवतो. सकाळी सूत्रधार कोण गेलं ते जाहीर करतो, चर्चा होते, मतदान होतं आणि एकाला बाहेर काढलं जातं. माफिया आणि उरलेले गावकरी सारखे झाले की माफिया जिंकले. सगळे माफिया सापडले की गाव जिंकलं.

बिघडतं ते चार ठिकाणी.

आवाज. बोट दाखवताना बाही सळसळते, पलंग कुरकुरतो आणि शेजाऱ्याला कळतं. रात्र सुरू झाली की सगळ्यांनी मांडीवर हलक्या हाताने ताल धरावा, त्यात बाकीचे आवाज बुडतात. सूत्रधाराने एका जागी उभं राहून सगळ्यांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत बोलावं. नवखा सूत्रधार ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे वळतो, आणि आवाजाची दिशाच गुपित फोडते.

मेलेल्या भूमिका. पोलिस मेला तरी सूत्रधाराने ‘पोलिस, डोळे उघडा’ म्हणत राहायचं आणि पाच सेकंद थांबायचं. हे विसरलं की पोलिस गेल्याची बातमी फुकटात मिळते.

खेळाडूंची संख्या. सात जणांत दोन माफिया असतील आणि पहिल्या रात्री एक बळी गेला तर उरतात सहा. गावाने एकदा चुकीचा माणूस काढला की पाच, रात्री आणखी एक गेला की चार, त्यात दोन माफिया. खेळ संपला! डॉक्टरचा हात अचूक बसला नाही तर गावाला एकही चूक परवडत नाही. आठ जण असतील तर एक चूक पचते. म्हणून सातच जण जमले तर पहिल्या रात्री कुणालाही मारू नका. माफियांनी फक्त एकमेकांना ओळखावं आणि थेट सकाळ करावी. तेवढ्याने गावाला एक जादा मतदान मिळतं. दुसरा फायदा असा की, पहिल्याच मिनिटाला बाहेर जाऊन अर्धा तास कोपऱ्यात बसण्याची पाळी कुणावर येत नाही.

लांबलेली चर्चा. घड्याळ लावा: चर्चेला पाच मिनिटं, संशयिताला बचावासाठी तीस सेकंद, मग हात वर. वेळ न लावल्यास मोठ्या आवाजाचे दोघेच बोलतात. दर सकाळी आधी प्रत्येकाने एक-एक वाक्य बोलायचं असा नियम ठेवलात तर गप्प बसणाऱ्यांनाही तोंड उघडायला जागा मिळते.

शेवटची गोष्ट. ‘हा असाच खोटारडा आहे’ हे वाक्य खेळात चालतं. ‘त्या दिवशी लॅबमध्येही असाच वागलास’ हे चालत नाही. बाहेरचं भांडण आत आलं की सूत्रधाराने त्याच क्षणी थांबवावं.

पत्ते पिसून पिसून तीच तीच पानं येतात. असं का?

कारण नीट पिसले जात नाहीत. बदाम सात संपला की चारही रंग क्रमाने लागलेले असतात. तसाच गठ्ठा उचलून हातातल्या हातात दोन-चार वेळा वरखाली केला तर लागोपाठची पानं एकत्रच राहतात. गणितज्ञ डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं की दोन अर्धे करून पानं एकमेकांत फरफर सोडण्याच्या पद्धतीने ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. ती हातोटी नसेल तर सगळे पत्ते चादरीवर पालथे पसरा, दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल-गोल ढवळा आणि गोळा करा. लहान मुलांचा प्रकार वाटतो, पण काम चोख होतं.

कॅरम बोर्ड वर्षभर टिकत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोन गोष्टी: पाणी आणि तिरका ठेवणं. बोर्ड कधीही ओल्या फडक्याने पुसू नका. प्लायवूड पाणी पितं, फुगतं, आणि मग स्ट्रायकर आपोआप एका कोपऱ्याकडे वळायला लागतो. कोरड्या सुती फडक्याने पुसा. भिंतीला तिरका टेकवून महिनोन् महिने ठेवलेला बोर्ड स्वतःच्या वजनाने वाकतो. सुट्टीत तो कपड्यात गुंडाळून सपाट आडवा ठेवा.

बोरिक पावडर चिमूटभर पुरते. जास्त टाकली तर सोंगट्या घसरतात पण स्ट्रायकरच्या कडेला पावडर चिकटून नेम हुकतो. खेळून झाल्यावर काही खाण्याआधी हात धुवा, ती पोटात जायची वस्तू नाही.

स्ट्रायकर हरवला की लोक मिळेल तो जड स्ट्रायकर आणतात. प्रमाणित स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नसतो. भलता जड घेतला तर चौकट आणि सोंगट्यांच्या कडा दोन्ही फुटतात. एक जादा स्ट्रायकर बोर्डाच्या मागे पिशवीत चिकटवून ठेवा.

कॅरमवर नेहमी तेच दोघे बसलेले असतात.

‘जिंकणारा बसून राहील’ या नियमाचा तो परिणाम आहे. तो चार मित्रांत ठीक आहे, चाळीस जणांच्या मजल्यावर नाही. नियम बदला: एक जोडी सलग दोन बोर्ड खेळली की उठेल, जिंको वा हरो. पूर्ण २५ गुणांचा गेमही गर्दीच्या वेळी नको, एकेकच बोर्ड खेळा. नावं पाटीवर खडूने लिहा. तोंडी नंबर लावले की वाद ठरलेला.

वादाचे मुद्देही आधीच पाटीवर लिहून टाका. राणी घेतली की त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी घेऊन कव्हर करायची, नाहीतर राणी मध्यावर परत. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर दंड म्हणून आपली एक सोंगटी परत. राणीचे ३ गुण. अंगठ्याने मारायचं की नाही हेही ठरवून लिहा.

टेबल टेनिसचं टेबल एक, खेळणारे पंधरा. काय करावं?

चकरी खेळा. सगळे टेबलाभोवती रांगेत उभे राहतात, एक फटका मारून पळत पलीकडच्या रांगेला जाऊन लागायचं. चुकलात की बाहेर, किंवा तीन चुकांनंतर बाहेर. शेवटचे दोन उरले की पाच गुणांचा सामना. टेबलाच्या चारही बाजूंना मोकळी जागा हवी. भिंत अगदी जवळ असेल तर हा खेळ नको, पळताना खांदे आपटतात. फरशी ओली नाही ना, हे आधी पाहा.

नेहमीच्या सामन्यात ११ गुण, दोन-दोन सर्व्हिस, १०-१० झाल्यावर एकेक सर्व्हिस आणि दोनचा फरक. पिचलेला पण न तडकलेला चेंडू कपातल्या गरम पाण्यात फिरवला की आतली हवा प्रसरण पावून खळगा बहुधा भरून निघतो. काडी पेटवून हा प्रयोग कधीही करू नका: जुने चेंडू सेल्युलॉइडचे असतात आणि भडकन पेट घेतात.

रूममेट लवकर झोपतो आणि मला रात्री खेळायचं असतं.

मग खोलीत खेळू नका. ही तडजोडीची गोष्ट नाही. ज्याची झोप रोज मोडते त्याच्याशी कितीही चांगले वागलात तरी मन दुरावतं.

कॉमन रूममध्येही आवाजाचं गणित समजून घ्या. खालच्या मजल्यावर बोलण्यापेक्षा आपटण्याचा आवाज जास्त पोचतो, कारण तो थेट स्लॅबमधून जातो. खुर्ची ओढणं, कॅरमचा ठोका, फरशीवर उडणारा चेंडू, हे खरे त्रासाचे. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे बांधा, कॅरमखाली घडी केलेली चादर घाला, फासे टेबलावर न टाकता उशीच्या अभ्र्यावर किंवा कापड लावलेल्या डब्यात टाका. रात्री दहानंतर पत्ते, बुद्धिबळ, शब्दकोडी. चॅलेंज आणि माफिया नकोत, त्यात कुणीतरी ओरडणारच.

जो कधीच खोलीबाहेर येत नाही त्याला कसं बोलवायचं?

‘ये कधीतरी’ म्हणू नका. त्यावर कुणी येत नाही, कारण कधी यायचं आणि तिथे आपली गरज आहे का, हे दोन्ही कळत नाही. ‘साडेनऊला खाली चौथा भिडू कमी पडतोय, एक डाव खेळशील?’ असं विचारा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, त्याची गरज स्पष्ट आणि सुटायचा रस्ताही मोकळा: एकच डाव.

आला तर लगेच प्रश्नांची सरबत्ती नको. हातात पत्ते असले की गप्प बसणंही सहज वाटतं, आणि लाजऱ्या माणसाला तेच हवं असतं. पहिल्या दिवशी त्याला आवडत असेल तर गुण लिहायला द्या. लिहिणाऱ्याला खेळ समजतो, नावं पाठ होतात आणि कुणी त्याच्याकडे टक लावून बघत नाही. जोडीचा खेळ असेल तर शांत, चुकीवर न ओरडणारा भिडू त्याच्याबरोबर बसवा.

दोनदा ‘नाही’ म्हटलं तर आठवडाभर थांबा, मग पुन्हा एकदा विचारा. काहींना खरोखर एकटं राहायला आवडतं आणि त्यात काही वावगं नाही. पण जेवायला येणंही बंद झालं, दिवसदिवस दार बंद, आंघोळ-झोप बिघडलेली दिसली, तर हा खेळाचा विषय राहत नाही. आधी एकट्याने जाऊन विचारपूस करा आणि वॉर्डनना किंवा समुपदेशकांना सांगा.

मजल्यावर वेगवेगळ्या भाषांची मुलं-मुली आहेत. कोणते खेळ चालतील?

कॅरम, बुद्धिबळ, बदाम सात, टेबल टेनिस यांना भाषाच लागत नाही. चित्र काढून ओळखणं फार छान चालतं. गाण्यांच्या भेंड्या आणि सिनेमाच्या नावांचे मूकाभिनय मात्र टाळा: ज्याने ते सिनेमे पाहिलेले नाहीत तो पाहुण्यासारखा हसत बसतो. मूकाभिनयच हवा असेल तर चिठ्ठ्यांवर क्रिया लिहा: सुईत दोरा ओवणं, लिफ्टमध्ये अडकणं, परीक्षेत पेन संपणं.

आणि एक साधी गोष्ट: पट मांडलेला असताना बोलणं सगळ्यांना कळेल अशाच भाषेत. दोघांनी आपल्या भाषेत कुजबुजून हसलं की तिसऱ्याला आपल्यावरच हसतायत असं वाटतं.

एकच जण सारखा जिंकतो, बाकीच्यांचा उत्साह जातो.

त्याला मुद्दाम हरायला सांगू नका, ते सगळ्यांना कळतं आणि दोघांनाही बोचतं. तोलच बदला. बुद्धिबळात त्याला तीन मिनिटं, समोरच्याला दहा. टेबल टेनिसमध्ये समोरच्याला ४-० ने सुरुवात. कॅरमला त्याने डाव्या हाताने फोडायचं. जोड्यांच्या खेळात पत्ते काढून भिडू ठरवा, लाल लालबरोबर, काळा काळ्याबरोबर, आणि दर तीन डावांनी बदला. सर्वांत उत्तम म्हणजे त्यालाच शिकवायला लावा: आठवड्यातून अर्धा तास, एका वेळी एकच युक्ती.

पैसे लावून खेळलं तर बिघडलं कुठे?

देणेकरी आणि घेणेकरी एकाच नळावर दात घासतात, इथेच बिघडतं. रक्कम लहान असली तरी हरलेला ती भरून काढायला पुढचा डाव मागतो, उधारी वाढते, आणि मग तो तुमच्या दारासमोरून जाणं टाळतो. ज्याच्याकडे खर्चाला मोजकेच पैसे येतात तो हे बोलूनही दाखवत नाही. अनेक वसतिगृहांत यावर थेट कारवाईही होते. हरण्याला काहीतरी वजन हवंच असेल तर हरणाऱ्याने पुढचे तीन डाव पत्ते पिसायचे, किंवा शेवटी पट आवरायचा.

खोड्या कुठपर्यंत चालतात?

पाच मिनिटांत पूर्ववत करता येईल, आणि ज्याची खोडी काढली तो सर्वांत आधी हसेल, तिथपर्यंत. उशीचा अभ्रा उलटा घालणं, खोलीतल्या सगळ्या चपला रांगेत मांडून ठेवणं, दारावर वाढदिवसाच्या पन्नास चिठ्ठ्या लावणं, इतपत. झोप, खाणं, औषध, किल्ल्या, फोन, लॅपटॉप आणि परीक्षेचा आदला दिवस या गोष्टींना हात लावायचा नाही. दाराला बाहेरून कडी घालणं ही खोडी नाही. आग लागली तर आतला माणूस अडकतो.

कॉरिडॉरमधल्या क्रिकेट-फुटबॉलबद्दलही इथेच सांगतो. छतावर स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. लाल द्रवाची असेल तर ती साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते. चेंडू बसला किंवा कुणी हँगर अडकवला तरी ती फुटू शकते, आणि एकदा फुटली की मुख्य व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पाणी थांबत नाही. पुस्तकं, गाद्या, खालच्या मजल्यावरचे लॅपटॉप सगळं भिजतं. मैदानात जा, नाहीतर मोज्यांचा चेंडू करून बसून खेळा.

लपंडावात लपायच्या जागा आधी ठरवा. गच्ची, लिफ्टची जागा, विजेचं पॅनेल, कुलूप लागणारं कपाट आणि आपत्कालीन जिना, सगळं वर्ज्य.

सीनियर ‘खेळ आहे’ म्हणतात, पण नाही म्हणता येत नाही.

मग तो खेळ नाही, रॅगिंग आहे. तपासायचं कसं? मध्येच उठून जाता येतं का? भूमिका उलटतात का, म्हणजे आज तुम्ही केलं ते उद्या त्यांना करावं लागतं का? हे कुणालाही सांगायला मोकळीक आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच रात्री तारीख, वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा, संदेश जपून ठेवा, एका विश्वासू माणसाला सांगा आणि वॉर्डनकडे किंवा विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे लेखी द्या. धोका वाटत असेल तर ती रात्र दुसऱ्या खोलीत, सोबतीने काढा. यात तुमची चूक कणभरही नाही.

खेळताना भांडण झालं. आता?

‘तू पत्ता लपवलास’ वर अडलं असेल तर चौकशी करत बसू नका. तो डाव रद्द, नव्याने वाटा. कोण खरं हे ठरवायला गेलात तर संध्याकाळ जाते आणि एक माणूसही जातो. आवाज चढले असतील तर पट आवरा. दुसऱ्या दिवशी दोघांनीच, चालता चालता बोला. मजल्याच्या ग्रुपवर एक ओळही टाकू नका, तिथे बघे जमतात आणि माघार घेणं अवघड होतं.

परीक्षेच्या दिवसांत खेळ बंद करावा का?

पूर्ण बंद नको, छोटा करा. जेवणानंतर वीस मिनिटं, गजर लावून, एकच डाव. माफिया आणि स्पर्धा परीक्षेनंतर. एकत्र बसायची वेळ मोडली की ती पुन्हा बसवायला आठवडे जातात, म्हणून पाच मिनिटं का होईना, सगळे त्याच जागी या.

सामान सारखं हरवतं.

एका डब्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवा: पत्ते ५२ अधिक २ जोकर, सोंगट्या ९ पांढऱ्या, ९ काळ्या, १ राणी, स्ट्रायकर २, फासे ४, चेंडू ६. दोन कॅट ठेवायचे तर वेगळ्या रंगाच्या पाठींचे घ्या. शेवटचा डाव हरणारा मोजून ठेवेल. एखादं पान हरवलं तर जोकरवर मार्करने त्याचं नाव लिहा. दुसरं हरवलं तर दुसऱ्या जोकरवर. तिसऱ्याला नवा कॅट आणा.

पुढच्या वर्षी खोल्या बदलतात. मग हे सगळं टिकतं का?

रोजचा डाव बहुधा टिकत नाही, कारण तो जिन्याच्या आणि शेजारच्या दाराच्या जिवावर चाललेला असतो. त्याच्या जागी ठरलेला वार ठेवा, म्हणजे गुरुवार रात्री नऊ, जुन्या कॉमन रूममध्ये, दोघेच आले तरी पट मांडायचा. दूर गेलेल्याशी फोनवर दिवसाला एक चाल असा बुद्धिबळाचा डाव चालू ठेवा. चालीबरोबर दोन ओळी आपोआप लिहिल्या जातात. आणि जाताना तो यादी चिकटवलेला डबा नव्याने आलेल्यांच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत देऊन जा.